बॅरिस्टर आणि सॉलिसिटर

प्रश्न : जुन्या चरित्रांत पानोपानी बॅरिस्टर भेटतात. मुंबईच्या फोर्ट भागात मात्र पाट्या दिसतात त्या सॉलिसिटरांच्या. दोघेही वकीलच ना? मग फरक काय, आणि आता कुणी बॅरिस्टर का होत नाही?

उत्तर : वकील दोघेही, पण इंग्लंडात त्यांची कामं वेगळी. अशील आधी सॉलिसिटरची पायरी चढतो. सल्ला, नोटिसा, खरेदीखत, मृत्युपत्र, दाव्याची कागदपत्रं हे सगळं सॉलिसिटर बघतो. प्रकरण वरच्या न्यायालयात उभं राहिलं की तो कागदांचा गठ्ठा बांधून बॅरिस्टरकडे पाठवतो. या गठ्ठ्यालाच 'ब्रीफ' म्हणतात. डोक्यावर केसांचा टोप चढवून युक्तिवाद करायचा तो बॅरिस्टरने. अशिलाने थेट त्याच्याकडे जायचं नाही, असा जुना शिरस्ता होता. फीसुद्धा सॉलिसिटरमार्फत यायची, आणि ती मानधन समजली जाई. बुडाली तर दावा लावायची सोय नाही! वकिलाने फीसाठी हात चोळत बसावं, ही कल्पना आपल्याकडच्या पक्षकारांना फार आवडेल. आता तिथेही हे कुंपण बरंच सैल झालं आहे.

बॅरिस्टर व्हायचं तर लंडनच्या चार 'इन्स'पैकी, म्हणजे बॅरिस्टरांच्या संस्थांपैकी, एकीत नाव घालावं लागतं. गांधीजी इनर टेंपलचे, १८९१ सालचे, डॉ. आंबेडकर ग्रेज इनचे. सावरकरही ग्रेज इनमध्येच शिकले, परीक्षा उतरले, पण त्यांच्या राजकारणामुळे त्यांना बॅरिस्टरी देण्यात आली नाही. त्या काळी परीक्षेइतकीच इनमधली जेवणं महत्त्वाची. ठरलेल्या सत्रांत ठरावीक वेळा पंगतीला हजेरी लावली नाही, तर सत्र भरत नसे. चौघांत मिळून वाइनच्या दोन बाटल्या येत. गांधीजी पीत नसत, त्यामुळे आपल्या चौकडीत ते हवेत म्हणून मुलांची चढाओढ चाले. हे त्यांनीच आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे.

इंग्रजांनी ही विभागणी मुंबई आणि कलकत्ता उच्च न्यायालयांतही आणली. १९६१ च्या कायद्याने देशभर 'अ‍ॅडव्होकेट' हा वकिलांचा एकच वर्ग केला. या दोन न्यायालयांच्या मूळ शाखेत, म्हणजे जिथे दावे थेट दाखल होतात तिथे, मात्र जुनी पद्धत तग धरून होती. तीही १९७६ च्या दुरुस्तीने गेली. तेव्हा बॅरिस्टरी विलायतेतून आणली तरी इथे सनद अ‍ॅडव्होकेटचीच घ्यावी लागते. सॉलिसिटर ही ओळख मुंबईत टिकली, कारण बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी त्यासाठी परीक्षा घेते. ती कठीण म्हणून प्रसिद्ध आहे.

एक गोंधळ मात्र राहतोच. भारताचे सॉलिसिटर जनरल नावाने सॉलिसिटर असले, तरी त्यांचं मुख्य काम सर्वोच्च न्यायालयात उभं राहून सरकारची बाजू मांडण्याचं, म्हणजे जुन्या हिशेबाने बॅरिस्टरचंच आहे.