पाला आधी, गोळी नंतर

भरल्या खाचरात मुठीने फेकलेल्या युरियाचं बरंचसं नत्र भाताला मिळतच नाही. काही अमोनिया होऊन हवेत जातं, काही पावसाच्या पाण्याबरोबर बांधाबाहेर वाहून जातं. नुसत्या शेणखतावर भागवावं म्हटलं, तर गोठ्यात तेवढी गुरं राहिलेली नाहीत. म्हणून कोकणातल्या लहान शेतकऱ्याने डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री पद्धत मनावर घ्यावी, असं मला कळकळीने वाटतं. तिच्यात पेंढा, पाला आणि रासायनिक खत एकमेकांना धरून चालतात. खालची मापं एका गुंठ्याची आहेत.

सुरुवात पेंढ्यापासून. पहिल्या नांगरटीच्या वेळी 20 किलो पेंढा जमिनीत गाडावा. भाताने उचललेलं पालाश आणि सिलिका त्यातून बऱ्याच अंशी परत मिळतं. सगळा पेंढा गुरांना लागत असेल, तर निदान तूस वाया घालवू नका. ते अर्धवट जाळून त्याची काळी राख करा आणि दाढीच्या वाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मातीत मिसळा. रोपं टणक होतात. राबासाठी डोंगरावरच्या फांद्या तोडण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

मग पाला. गिरिपुष्पाच्या, म्हणजे उंदीरमारीच्या, कोवळ्या फांद्या तोडून खाचरात पसरायच्या. गुंठ्याला पाला 30 किलो भरला पाहिजे. हे काम चिखलणीच्या आठवडाभर आधी उरकावं. सहा-सात दिवसांत पानं आपोआप गळतात. उरलेल्या काटक्या वेचून चुलीला न्याव्यात आणि मग चिखलणी करून पाला गाडावा. हिरवा पाला लवकर कुजतो, त्यातलं नत्र याच हंगामात भाताला लागू पडतं.

लावणीत खरी शिस्त लागते. सुधारित लावणी दोरीवर खुणा करून 15 आणि 25 सेंटीमीटर अशी आलटून पालटून अंतरं ठेवायची, आडवीही आणि उभीही. एका चुडात दोन-तीनच रोपं, तीही उथळ. बायांना पहिल्या दिवशी हे काम रेंगाळल्यासारखं वाटतं, पण दोरी सोडू नका. अंतर चुकलं तर पुढची खताची गोळी कुठे खोचायची हेच कळत नाही.

युरिया आणि डीएपी 60:40 प्रमाणात घेऊन यंत्रावर दाबलेली ही गोळी, म्हणजे ब्रिकेट, साधारण 2.7 ग्रॅमची असते. लावणी झाली की त्याच दिवशी, जवळजवळ लावलेल्या चार चुडांच्या मधोमध एक गोळी हाताने 7 ते 10 सेंटीमीटर खोल खोचावी आणि वरचं भोक चिखलाने बुजवावं. गुंठ्याला 625 गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलोच्या आत खत लागतं. तिथे खोल चिखलात हवा नसते. त्यामुळे नत्र अमोनियमच्या रूपात मातीला धरून राहतं आणि मुळं ते हळूहळू घेतात. खत सगळीकडे विखुरत नसल्याने तणालाही ते आयतं मिळत नाही. वरून पुन्हा युरिया टाकू नका. बेणताना त्या चार चुडांच्या मधला चिखल उकरू नका.

ही गोळी सगळीकडे चालत नाही. ज्या खाचरात पाणी ठरत नाही, भुसभुशीत माती झरझर पाणी पिते, तिथे खोल खोचलेलं नत्र आणखी खाली झिरपून जातं. अशा ठिकाणी पाला तेवढाच घाला, पण युरिया हप्त्यांनी आणि खाचरातलं पाणी कमी करून द्या. गोळीत पालाश नसतं. माती परीक्षणात ते कमी निघालं, तर म्युरेट ऑफ पोटॅश चिखलणीच्या वेळी वेगळं द्यावं लागेल.

बांधावर गिरिपुष्प नसेल, तर पाऊस सुरू होताच जून फांद्यांची छाटं लावून टाका. पहिल्या वर्षी ती तोडू नका. तोवर शेजाऱ्याच्या कुंपणावरचा पाला विचारून आणा. फांद्या वाढून बांधावर सावली धरू लागल्या की त्याला स्वतःलाही तो तोडून हवाच असतो.