रोमच्या तटबंदीतलं जुनं आणि नवं

प्रश्न : रोमची जुनी तटबंदी पाहिली. एकाच भिंतीत कुठे सरळ विटा, कुठे वेड्यावाकड्या, मध्येच दगड. मूळ रोमन काम कोणतं आणि नंतरची डागडुजी कोणती, हे कसं ओळखायचं?

उत्तर : ही भिंत विटांची दिसते, पण विटा फक्त दर्शनी बाजूला आहेत. पोटात चुना, ज्वालामुखीची राख आणि दगडांचे तुकडे यांचं काँक्रीट आहे. भिंतीची ताकद त्यात आहे.

विटांच्या जुनेपणावर मात्र जाऊ नका. सम्राट ऑरेलियनने इ.स. 271 मध्ये हे सुमारे 19 किलोमीटरचं काम घाईने काढलं, तेव्हा त्यानेही पाडलेल्या इमारतींच्या विटा आणि फुटकी कौलं वापरली. पाहायचे ते थर. रोमन गवंड्याचा थर पाणसळीत, सपाट जातो. नवव्या शतकातला थर लाटेसारखा वरखाली होतो, कारण हाती येईल ती जाड-पातळ वीट बसवलेली असते. बाराव्या-तेराव्या शतकात टफ या मऊ ज्वालामुखी दगडाचे छोटे चिरे ओळीने लावलेले दिसतात.

त्या वाकड्या थरांना कोणी निकृष्ट काम म्हटलं की मला वाईट वाटतं. एकेकाळी दहा लाखांच्या घरात असलेली वस्ती फारच घटली होती, पण राखायची भिंत तेवढीच लांब होती. 846 मध्ये अरब हल्लेखोरांनी तटाबाहेरचं सेंट पीटर चर्च लुटलं. पोप चौथा लिओ याने पडके बुरूज उभे केले आणि 852 पर्यंत व्हॅटिकनभोवती नवा तटही बांधून घेतला. एवढ्या तुटपुंज्या बळावर हे केलं, याचं मोल मोठं आहे. पुढे शहराच्या सेनेटनेही दुरुस्ती केली. मेट्रोनिया दरवाज्यापाशी 1157 सालचा तसा शिलालेख आहे.

रोमन आणि मध्ययुगीन अशी दोन्ही कामं शेजारी-शेजारी पाहायची तर आप्पिया रस्त्यावरच्या सिसिलिया मेटेलाच्या समाधीकडे जा. खालचा गोल बुरूज ट्रॅव्हर्टिन या चुनखडी दगडाच्या मोठ्या रोमन शिळांचा आहे. माथ्यावरच्या चर्या आणि लगतचा वाडा मध्ययुगातला. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला काएतानी घराण्याने तिथे गढी केली. जाताना वाटेत सेंट सेबॅस्टियन दरवाजा लागतो. त्यात तटबंदीचं संग्रहालय आहे.