भाड्याचे घर : मालकाचा हक्क आणि जबाबदारी

भंडारा, तुमसर, पवनी येथील जुन्या कवेलूच्या घरांत पावसाळ्यात ओल वाढते; लाकडाला उधई लागते, घुशी भुई पोखरतात. त्यांचा बंदोबस्त कोणी करावा?

शरिअतमध्ये भाडेकराराला ‘इजारा’ म्हणतात. भाडे हे भिंतींचे नव्हे, राहण्याच्या उपयोगाचे मोल होय. म्हणून उधईने पोखरलेले आढे वा फुटलेली मोरी दुरुस्त करणे मालकाकडे. उष्टे-खरकटे साचू न देणे भाडेकरूकडे. हनफी फिकहनुसार मालकाने असा दोष दूर न केल्यास भाडेकरू करार सोडू शकतो. ठाऊक असलेला दोष लपवून घर देणे ही फसवणूकच.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम १४ हेच सांगते : वेगळा करार नसल्यास घर राहण्याजोगे ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही दुर्लक्ष झाल्यास भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी इजा पोहोचविण्यास व इजेच्या बदल्यात इजा करण्यास मनाई केली आहे. मालकाने हयगय केली म्हणून सगळेच भाडे अडवून ठेवणे भाडेकरूलाही शोभत नाही. भाडे हा मालकाचा हक्क आहे, तसे राहण्याजोगे घर हा भाडेकरूचा.