डाळिंबाचे फूल : रचना व पारख

आंबे बहार धरलेल्या डाळिंबाच्या बागेत जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास तांबड्या कळ्या फुलू लागतात आणि थोड्याच दिवसांत झाडाखाली फुलांचा सडा पडतो. तो पाहून बागाईतदार चिंतेत पडतो व मिळेल ते औषध फवारू लागतो. वास्तविक गळालेले प्रत्येक फूल हे नुकसान नव्हे. कोणते फूल फळ देणार आणि कोणते मुळातच देणार नाही, हे फुलाच्या रचनेवरून ओळखता येते. अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) संगमनेर, राहाता, राहुरी इत्यादी तालुक्यांत डाळिंबाच्या बागा असल्याने ही पारख येथील शेतकरी बंधूंना विशेष उपयोगी आहे.

फुलाचे भाग

सर्वसाधारण फुलात चार मंडले असतात. सर्वांत बाहेरचे निदलपुंज कळीचे रक्षण करते. त्याच्या आतील दलपुंज म्हणजे पाकळ्या. त्या रंगाने कीटकांना आकर्षित करतात. तिसरे मंडल पुमंग. यातील प्रत्येक पुंकेसराच्या टोकाशी परागकोश असतो व त्यात पिवळे पराग तयार होतात. मध्यभागी जायांग असते. त्याच्या टोकास कुक्षी, मधल्या दांडीस कुक्षीवृंत व तळाच्या फुगीर भागास अंडाशय म्हणतात. अंडाशयात बीजांडे असतात.

डाळिंबाच्या फुलात निदलपुंज जाड, चामट व तांबडे असून त्याचा पेला बनलेला असतो. पेल्याच्या काठावर पाच ते आठ दाते असतात. पाकळ्या पातळ व चुरगळलेल्या दिसतात. पेल्याच्या आतील बाजूस असंख्य पुंकेसर चिकटलेले असतात आणि तळाशी अंडाशय असतो. फळ पिकल्यावर त्याच्या टोकावर जो मुकुट दिसतो, तो म्हणजे निदलपुंजाचे हेच दाते होत.

पराग कुक्षीवर पडणे यास परागीभवन म्हणतात. त्यानंतर फलधारणा होऊन अंडाशयाचे फळ व बीजांडांचे बी बनते. डाळिंबाचा प्रत्येक दाणा एका बीजांडापासून तयार होतो. आपण खातो तो रसाळ भाग म्हणजे बियांचे बाह्य आवरण होय. अर्थात परागीभवन अपुरे झाले, तर दाणे कमी भरतात व फळही लहान राहते.

नर फूल व द्विलिंगी फूल

डाळिंबाच्या एकाच झाडावर दोन प्रमुख प्रकारची फुले येतात. पहिल्याचा आकार घंटेसारखा असून तळ निमुळता असतो. त्यातील अंडाशय खुरटा व कुक्षीवृंत आखूड असतो. हे नर फूल होय. त्यास फळ धरत नाही व ते गळून जाते. तथापि ते निरुपयोगी नाही, कारण ते पराग पुरविते. दुसऱ्याचा तळ कलशासारखा फुगीर असतो, अंडाशय पूर्ण वाढलेला असतो आणि कुक्षी परागकोशांच्या पातळीस किंवा त्याहून वर येते. हे द्विलिंगी फूल. बागाईतदार यालाच ‘मादी कळी’ म्हणतात. फळ मुख्यतः यासच धरते. या दोहोंच्या दरम्यानची काही फुलेही आढळतात. नर व द्विलिंगी फुलांचे प्रमाण वाण, हंगाम व झाडाचे पोषण यांप्रमाणे बदलते.

प्रत्यक्ष पाहणी

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बागेतच हा पाठ द्यावा. झाडाखालची ताजी गळालेली वीस फुले गोळा करावीत व धारदार पात्याने प्रत्येक फूल उभे चिरावे. निमुळत्या तळाची व फुगीर तळाची अशी दोन ढीग करून मोजावीत. बहुतेक फुले निमुळत्या तळाची निघाली, तर ती नैसर्गिक गळ समजावी. केवळ तेवढ्यासाठी औषधावर खर्च करू नये. फुगीर तळाची फुले पुष्कळ निघाल्यास मात्र कारण शोधले पाहिजे. पाण्याच्या पाळ्या अनियमित झाल्या काय, नत्र अधिक पडले काय, फुलकिडे अथवा तेल्या रोगाचे डाग दिसतात काय, हे क्रमाने तपासावे.

याचबरोबर मधमाश्यांची ये-जा पाहावी. डाळिंबात स्वपरागीभवन होते, तसेच परपरागीभवनही होते व त्यात मधमाश्यांचे साहाय्य मोठे असते. म्हणून बाग फुलावर असताना कीटकनाशकाची फवारणी शक्यतो टाळावी. अटळ असल्यास मधमाश्या पोळ्याकडे परतल्यावर, सायंकाळी करावी.

फुलाच्या याच ज्ञानावर नवे वाण निर्माण झाले आहेत. संकर करताना मादी म्हणून निवडलेल्या कळीतील पुंकेसर पराग सुटण्यापूर्वी काढून टाकतात आणि दुसऱ्या वाणाचे पराग तिच्या कुक्षीवर लावतात. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘मृदुला’ हा वाण ‘गणेश’ व ‘गुल-ए-शाह रेड’ यांच्या संकरातूनच निवडलेला आहे.

शास्त्रज्ञ जे फूल चिमट्याने उघडतो, तेच शेतकऱ्याने पात्याने चिरून पाहावे. त्यास खर्च काहीच नाही. उलट अनाठायी फवारणीचा खर्च वाचतो, मधमाश्या वाचतात आणि खरोखर रोग-कीड असेल तर ती वेळीच ध्यानात येते.