जुनी चूल : रफू करावी की नवे थान फाडावे?

फाटलेली शाल घेऊन गिऱ्हाईक दुकानात येते आणि विचारते, "सेठ, रफू करू की नवी घेऊ?" जाणता कापडवाला भोकाकडे पाहत नाही, भोकाच्या भोवतालचा पोत पाहतो. पोत शाबूत असेल तर रफू टिकते. सूतच कुजले असेल तर रफूगराची मजुरी पाण्यात जाते. धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातील पुष्कळ घरांत आज हाच सवाल चुलीबाबत पडतो. घराची डागडुजी निघाली की तरुण म्हणतात चूल मोडा, ओटा बांधा, गॅस आहेच. बुजुर्ग म्हणतात राहू द्या, ज्वारीची भाकरी फुगते ती तिच्यावरच. दोघांचेही खरे आहे. पण वाद मिटवायचा तर हिशेब मांडावा लागतो, आणि तो सहसा कोणी मांडत नाही.

सर्वांत आधी भिंत आणि छत पाहावे. आपल्याकडची जुनी घरे माळवदाची. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती, लाकडी खांब व तुळया, वर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली, ती मुख्यतः अशाच भिंती आणि अशाच छताखाली. त्यानंतर 52 गावे नव्या जागी वसवली गेली, परंतु इतर गावांतील कितीतरी जुनी माळवदे आजही उभी आहेत. अशी भिंत बाहेरून एकसंध दिसते. प्रत्यक्षात ती दोन पडद्यांची असते आणि मध्ये दगडगोट्यांची भर असते. धुराड्यासाठी छिन्नी लावून तिला भगदाड पाडले की भर सुटते आणि पडदा फुगतो. चुलीमागची भिंत पोटासारखी पुढे आली असेल किंवा तुळईचे टोक भिंतीत कुजले असेल, तर त्या चुलीवर एक रुपयाही घालू नये. चूल अंगणात पत्र्याच्या छपराखाली न्यावी आणि पैसा भिंतीला लावावा. 1993 नंतर इंजिनिअरांनी सांगितलेला इलाज ठरलेला आहे : दोन्ही पडद्यांना बांधणारे आरपार दगड आणि भिंतीच्या माथ्यावर चोहोबाजूंनी काँक्रीटचा पट्टा. हे काम जाणकाराला दाखवूनच करावे.

भिंत शाबूत निघाली तर पुढचा सवाल धुराचा. माळवदाला ठेवलेले साणे उजेडाला चांगले, धुराला अपुरे. पावसाळ्यात ते झाकले की सगळा धूर घरातच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातील धुरामुळे 2020 साली जगभरात सुमारे 32 लाख माणसे दगावली. आपल्याकडे चुलीपुढच्या बाईचा खोकला हवामानावर ढकलला जातो.

बिनधुराची चूल ही काही कालची विलायती चीज नव्हे. 1947 च्या सुमारास वर्ध्याच्या मगनवाडीत 'मगन चूल' निघाली. पाठोपाठ हैदराबादच्या इंजिनिअरिंग संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी धुराड्याची चूल तयार केली आणि 1953 साली तिच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. आपला जिल्हा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, म्हणजे ती चूल एका अर्थाने आपल्याच राजधानीतली. पुढे 1980 च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. तो 2002 मध्ये बंद पडला. त्यातल्या पुष्कळ चुली निकामी झाल्या त्या आगीमुळे नव्हे. काजळी कोणी झाडली नाही आणि फुटलेला पाईप कोणी बदलला नाही, म्हणून.

तेव्हा चूल दुरुस्त करायची म्हणजे नुसती लिंपायची नव्हे. धुराडे नसेल तर दुरुस्ती झालीच नाही असे समजावे. चार इंची पाईप, छताच्या वर किमान दोन-तीन फूट, माथ्यावर पावसाची टोपी, आणि महिन्यातून एकदा काजळी झाडणे. पत्र्याचा पाईप लाकडी तुळईपासून हातभर तरी लांब असावा. जुना पाईप ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा असेल तर त्याला करवत लावू नये, फोडूही नये. त्याची धूळ फुफ्फुसाला घातक आहे. चुलीच्या पोटाला आतून सिमेंट लावण्याची हौस गवंड्यांना फार असते. ते आगीत तडकते, कारण सिमेंट इतकी उष्णता सोसत नाही. भट्टीची वीट मिळाली तर उत्तम, नाहीतर माती. मातीतही नुसती काळी घेतली तर वाळताना भेगा पडतात. तिच्यात वाळू, भुसा आणि शेण मिसळावे. नदीतला ओला दगड मांडू नये, आतले पाणी तापून तो फुटतो आणि कपच्या उडतात. खाली बिडाची जाळी बसवली तर लाकडाला खालून हवा मिळते. थोड्या पैशांत एवढा फायदा देणारी दुसरी दुरुस्ती नाही.

आता जळणाचा हिशेब. घरगुती सिलिंडरात 14.2 किलो गॅस असतो. एका किलोत सुमारे 11,000 किलोकॅलरी धरल्या आणि शेगडी त्यातल्या 65 टक्के भांड्याला देते असे धरले, तर एका सिलिंडरातून जवळपास एक लाख किलोकॅलरी कामी येतात. सुक्या लाकडाच्या एका किलोत साधारण 3,700 किलोकॅलरी. पण साधी चूल त्यातली दहा टक्क्यांच्या आसपासच भांड्याला देते, बाकी भिंतीला आणि आभाळाला. म्हणजे एका सिलिंडरची बरोबरी करायला साध्या चुलीत सुमारे 270 किलो लाकूड लागेल. धुराडे व जाळी असलेल्या चांगल्या चुलीचे 20 टक्के धरले तर 135 किलो. समजा, वखारीत सरपण किलोला 5 रुपये पडते. पहिल्या चुलीचा खर्च 1,350 रुपये, दुसरीचा 675. याच्या शेजारी आपल्या शेवटच्या सिलिंडरची पावती ठेवा आणि अनुदान मिळत असेल तर वजा करा. साधी चूल बहुधा महाग ठरेल.

येथे हमखास उत्तर येते : "सरपण विकत कोण घेतो? तुरीच्या तुराट्या, गोवऱ्या, बांधावरची बाभूळ, सगळे घरचे आणि फुकटचे." व्यापारी माणसाने तरी असे बोलू नये. दुकान स्वतःच्या जागेत आहे म्हणून भाडे शून्य धरणारा दुकानदार वर्षाअखेर नफा कुठे गेला म्हणून शोधत बसतो. गोवरी जाळली ती शेताच्या खतातून गेली. सरपण गोळा करायला घरची बाई किंवा मुलगी रोज एक तास देत असेल तर महिन्याचे तीस तास झाले. आपल्या गावातील शेतमजुरीच्या दराने त्याची किंमत लिहा आणि खात्यात नावे टाका. मुलीची शाळा बुडत असेल तर ती रक्कम कोणत्या दराने लिहायची, ते ज्याने त्याने ठरवावे.

माझा कल असा की रोजचा स्वयंपाक गॅसवर जावा आणि चूल मोठ्या कामापुरती राहावी : पाहुण्यांची भाकरी, आंघोळीचे पाणी, लग्नाची देग. 2016 साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर गरीब घरांतही जोडणी आली, पण सिलिंडर संपला की दुसरा भरेपर्यंत चूल पेटतेच. म्हणून ती मोडून टाकणेही शहाणपणाचे नाही. मात्र दोन्ही एका खोलीत नकोत. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत पसरतो, आणि आपली चूल जमिनीलगतच पेटलेली असते. गॅस ओट्याच्या खोलीत, चूल पडवीत किंवा अंगणात.

ज्या घरांत भाकरी, पापड किंवा फराळ विक्रीसाठी होतो, त्यांचा हिशेब वेगळा. तेथे चूल हे धंद्याचे हत्यार आहे. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणे कायद्यात बसत नाही. 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो आणि त्याला घरगुती अनुदान नसते. अशा घरी धुराड्याची जोडचूल अंगणात बांधणे पुष्कळदा परवडते, फक्त सरपणाची वही रोज लिहावी आणि प्रत्येक भाकरीमागे किती जळण गेले ते महिन्याला काढावे.

कामाला मुहूर्त पावसाळा सरल्यानंतरचा, लग्नसराईच्या आधीचा. लिंपलेली चूल आठ-दहा दिवस सावलीत वाळू द्यावी, नंतर दोन-तीन दिवस तुराट्यांचा मंद जाळ द्यावा, भेगा पडतील त्या पातळ मातीने भरून घ्याव्यात आणि मगच जड देग चढवावी.