भेग कोपऱ्यातूनच का पळते?

प्लॅस्टिकच्या छोट्या मोटारीच्या बॉनेटला हवेचा झरोका पाडायचा आहे? मग सुरी दाबून कापू नका. अशा जोडणीच्या मोटारी बहुधा पॉलिस्टायरीनच्या असतात. हे प्लॅस्टिक कडक पण ठिसूळ. जोर लावला की भेग भलतीकडेच जाते.

प्रथम पेन्सिलीने चौकोन आखा. चारही कोपऱ्यांत, रेघांच्या आतल्या बाजूस, हाताने फिरवायच्या गिरमिटाने १ मिलिमीटरची भोके पाडा. विजेचे वेगवान गिरमिट नको. घर्षणाने प्लॅस्टिक तापते आणि सुमारे १०० अंश सेल्सिअसला पॉलिस्टायरीन मऊ पडते. आता पोलादी पट्टीच्या आधाराने पात्याची पाठ एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत हलकेच ओढा. धार प्लॅस्टिक बाजूला सारते. पाठ त्याचा बारीक कीस खरवडून काढते. दुसरा हात पात्याच्या वाटेत ठेवू नका. पुन्हा पुन्हा ओढल्यावर तुकडा अलगद सुटेल. कडा बारीक कानशीने साफ करा.

भोके कशासाठी? टोकदार कोपऱ्यात ताण एकवटतो, गोल कडेवर तो विभागला जातो. १९५४ साली कोसळलेल्या कॉमेट विमानांच्या चौकशीत, खिडक्यांच्या कोपऱ्यांजवळ ताण एकवटून पत्र्याला भेगा पडल्याचे दिसून आले.

करून पाहा : कागदाच्या दोन सारख्या पट्ट्यांना कडेपासून चीर द्या. एका चिरेचे टोक गोल भोकात संपवा. भोकासह तिची लांबी दुसरीइतकीच ठेवा. दोन्ही पट्ट्या ताणा. आधी कोणती फाटते?