घरगुती दप्तराचे जतन : स्कॅनर कसा निवडावा?

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. त्यानंतर साठ वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी, वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर वेढले. तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयातही पाणी शिरले. काळ बदलला, गाव बदलले, परंतु पूर ओसरल्यावर घरोघरी मागे उरणारे दुःख एकच असते. भांडीकुंडी पुन्हा घेता येतात, भिंती पुन्हा बांधता येतात. ट्रंकेत ठेवलेले खरेदीखत, आजोबांची सनद, आईवडिलांच्या लग्नाचा फोटो मात्र पुन्हा मिळत नाही. त्यासाठी पूरच यावा लागतो असेही नाही. वाळवी, कोकणातील दमट हवा, गळके छप्पर आणि फोटोतील रंगांचे हळूहळू विटणे हे सर्व तेच काम सावकाश करीत असतात.

या कागदांची आणि छायाचित्रांची चांगली प्रत काढून ठेवणे आज सर्वसामान्य कुटुंबाच्याही आवाक्यात आले आहे. त्यासाठी लागणारे साधन म्हणजे सपाट काचेचा, अर्थात फ्लॅटबेड, स्कॅनर. बाजारात हे यंत्र अनेक प्रकारचे मिळते आणि खोक्यावरील मोठमोठे आकडे पाहून ग्राहक गोंधळतो. विशिष्ट कंपनीची शिफारस करणे हा या लेखाचा हेतू नाही. निवड कोणत्या कसोट्यांवर करावी, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम ट्रंक उघडावी

स्कॅनरची निवड दुकानात नव्हे, तर घरातील ट्रंकेपाशी सुरू होते. दुकानात जाण्यापूर्वी घरातील सर्व कागद एकदा बाहेर काढून त्यांचे चार ढीग करावेत. पहिला ढीग सुट्या कागदांचा : दाखले, गुणपत्रिका, खरेदीखते, वाटणीपत्रे, पत्रे. दुसरा ढीग सुट्या फोटोंचा. तिसरा ढीग जे काचेवर सपाट बसत नाही त्याचा : बांधलेल्या वह्या, पोथ्या, मोडीतील बाडे, चौकटीत बसविलेले फोटो. चौथा ढीग निगेटिव्ह आणि पारदर्शिकांचा. ज्याच्या घरी पहिले दोनच ढीग आहेत, त्याला साधे यंत्र पुरेसे होते. तिसरा किंवा चौथा ढीग मोठा असेल, तर यंत्राची जातच बदलावी लागते.

याच वेळी कशाची प्रत काढण्याची गरज नाही, हेही ठरवून टाकावे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आता संकेतस्थळावरून मिळतो. २०१५ पासून उपलब्ध असलेल्या डिजिलॉकरमध्ये संबंधित खात्याने स्वतः दिलेली कागदपत्रे मूळ कागदासमान मानली जातात. अशा कागदांवर वेळ घालविण्यापेक्षा, ज्याची दुसरी प्रत जगात कोठेही नाही ते आधी हाती घेणे शहाणपणाचे होय.

सपाट काचच का?

मोबाइलने फोटो काढला की काम झाले, असे अनेकांना वाटते. तातडीच्या कामासाठी ते ठीकच आहे. परंतु मोबाइल किंचित तिरका झाला तरी कागदाच्या कडा वाकड्या येतात, एका बाजूला सावली पडते आणि चकचकीत फोटोवर खिडकीचा प्रकाश चमकतो. कागद आपोआप ओढून घेणारी यंत्रे कार्यालयातील नव्या कागदांसाठी उत्तम असतात. घडीवर फाटत आलेला कागद त्यांच्या रुळांत घालणे म्हणजे तो गमावण्याची तयारी करणे होय. सपाट काचेवर कागद स्थिर राहतो व प्रकाश सरकतो. जुन्या कागदाला हीच रीत मानवते.

या तंत्राच्या जन्मकथेतही घरगुती छायाचित्रच आहे. १९५७ मध्ये अमेरिकेत रसेल कर्श यांनी संगणकात पहिले चित्र उतरविले, ते त्यांच्या तीन महिन्यांच्या मुलाच्या फोटोवरून. त्या चित्रात आडवे १७६ व उभे १७६ एवढेच ठिपके होते. पुढे १९७६ मध्ये रेमंड कर्झवाइल यांनी अंधांसाठी वाचनयंत्र तयार केले. त्यात सपाट काचेचा स्कॅनर वापरला होता.

दोन जाती, दोन स्वभाव

काचेखाली सरकणाऱ्या दांडीत प्रकाश टिपणारी पट्टी असते. तिच्या रचनेवरून स्कॅनरच्या दोन जाती पडतात. सीआयएस जातीत ही पट्टी काचेच्या अगदी लगत असते. त्यामुळे यंत्र पातळ व हलके होते, स्वस्त पडते आणि बहुधा संगणकाच्या यूएसबी वायरीतून मिळणाऱ्या विजेवरच चालते. ग्रामीण भागात वीज गेल्यावर लॅपटॉपवर काम चालू ठेवता येणे ही लहान सोय नव्हे. परंतु या जातीला काचेला चिकटलेला कागदच स्पष्ट दिसतो. जो भाग काचेपासून थोडाही वर राहतो तो धूसर येतो.

सीसीडी जातीत प्रतिमा आरशांवरून व भिंगातून पट्टीवर पडते. म्हणून यंत्र जाड, जड व महाग असते आणि त्याला विजेची वेगळी जोडणी लागते. मोबदल्यात त्याला काचेपासून काही मिलिमीटर वरचेही बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. बांधीव वहीचा शिवणीजवळचा भाग, सुरकुतलेला कागद किंवा चौकटीतील फोटो यांसाठी हाच गुण मोलाचा ठरतो.

प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी पातळपणावर भाळून पहिल्या जातीचे यंत्र घेतले. दाखले व पत्रे सुरेख उतरली. परंतु आजोबांचा एकमेव फोटो चौकटीच्या काचेला कायमचा चिकटलेला होता. तो प्रत्येक वेळी धुक्यातून पाहावा तसा आला. असा चिकटलेला फोटो ओढून काढण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. फोटोवरील जिलेटिनचा थर ओल्या हवेत काचेला धरतो आणि ओढताच चेहऱ्यासह निघून येतो. चौकटीतून काढून, काचेसकट, दुसऱ्या जातीच्या यंत्रावर ठेवणे हाच सुरक्षित उपाय होय. शेवटी तसेच करावे लागले. मात्र त्यासाठी दुसऱ्याचे यंत्र मागून आणावे लागले.

ठिपक्यांचे गणित

खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा असतो तो डीपीआयचा, म्हणजे एका इंचात यंत्र किती ठिपके टिपते याचा. येथे दोन प्रकारचे आकडे सापडतात. ऑप्टिकल आकडा यंत्राला खरोखर दिसणारे ठिपके सांगतो. इंटरपोलेटेड आकडा मात्र संगणकाने मधल्या जागी अंदाजाने भरलेले ठिपके मोजतो. त्याने तपशील वाढत नाही, केवळ फाइल फुगते. म्हणून ऑप्टिकल आकडाच विचारावा.

तोही किती हवा, हे साध्या हिशेबाने कळते. ए-४ आकाराचा कागद ३०० डीपीआयने टिपल्यास आडवे २,४८० व उभे ३,५०८ ठिपके मिळतात आणि रंगीत प्रत न दाबता ठेवल्यास सुमारे २६ मेगाबाइट जागा व्यापते. हाच कागद ६०० ने टिपल्यास जागा चौपट, म्हणजे सुमारे १०४ मेगाबाइट लागते. छापील किंवा हस्तलिखित कागदाला ३०० पुरेसे आहेत. फोटोला ६०० ठेवावेत. कागदावरील फोटोत त्यापुढे तपशील क्वचितच असतो. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा पासपोर्ट फोटो ६०० ने टिपला, तर दुप्पट लांबी-रुंदीचा स्वच्छ फोटो छापता येतो. म्हणजेच सुट्या कागद-फोटोंसाठी आजचे जवळजवळ कोणतेही साधे यंत्र आकड्यांच्या बाबतीत कमी पडत नाही. जास्तीच्या आकड्यांसाठी जास्तीचे पैसे मोजण्याचे कारण तेथे उरत नाही.

निगेटिव्हचा प्रश्न

आकडा खरोखर महत्त्वाचा ठरतो तो निगेटिव्हसाठी. ३५ मिलिमीटर रोलवरील एक चित्र अवघे ३६ बाय २४ मिलिमीटरचे असते. ते ३०० ने टिपल्यास जेमतेम ४२५ बाय २८३ ठिपके मिळतील. २,४०० ने टिपल्यास ३,४०० बाय २,२६८ च्या आसपास मिळतात. शिवाय निगेटिव्हमधून प्रकाश आरपार जावा लागतो. त्यासाठी झाकणातच दिवा असलेले सीसीडी यंत्र लागते. साध्या यंत्राच्या पांढऱ्या झाकणाखाली निगेटिव्ह ठेवून काहीही साधत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडील घरांपुरती महत्त्वाची आहे. एकेकाळी घरोघरी दिसणाऱ्या आगफा क्लिक-३ या कॅमेऱ्यातून १२० क्रमांकाच्या रोलवर सहा सेंटिमीटर लांबी-रुंदीची चौकोनी निगेटिव्ह निघत. स्वस्त जोडण्यांमध्ये फक्त ३५ मिलिमीटरची पट्टी बसते. म्हणून आपल्याकडील निगेटिव्हचा एक तुकडा सोबत नेऊन, तो यंत्राच्या खाचेत बसतो की नाही हे पाहूनच खरेदी करावी. इन्फ्रारेड किरणांनी धूळ व ओरखडे पुसण्याची सोय रंगीत निगेटिव्हला उपयोगी पडते. पारंपरिक कृष्णधवल निगेटिव्हवरील चांदीचे कण त्या किरणांनाही अडवितात, म्हणून तेथे ती चालत नाही. ज्याच्या घरी केवळ दोन-चार पट्ट्या आहेत, त्याने एवढ्यासाठी महाग यंत्र न घेता छायाचित्रकाराकडून त्या उतरवून घ्याव्यात.

खरेदीपूर्वी तपासावयाच्या बाबी

१) काचेचा आकार : बहुतेक घरगुती यंत्रांची काच ए-४ एवढीच असते. जुना स्टॅम्प पेपर त्याहून लांब असतो. तो दोन भागांत, मधला काही मजकूर दोन्ही प्रतींत येईल असा टिपावा लागतो. असे कागद शेकड्यांनी असतील तरच मोठ्या काचेचा विचार करावा.

२) झाकण : जाड वही ठेवल्यावर बिजागरी वर उचलली जाते का, किंवा झाकण पूर्ण काढता येते का, हे पाहावे.

३) सॉफ्टवेअर : आपल्या संगणकावरील कार्यप्रणालीसाठी कंपनी आजही सॉफ्टवेअर पुरविते का, याची खात्री करावी. यंत्र धडधाकट असूनही केवळ या कारणाने अडगळीत गेलेले स्कॅनर पुष्कळ आहेत. शाळेतील संगणक लिनक्सवर चालत असेल, तर ही चौकशी अधिकच आवश्यक आहे.

४) घरातील प्रिंटर : छपाई व स्कॅनिंग एकत्र करणारे यंत्र घरी असल्यास आधी त्याचीच काच वापरून पाहावी. सुट्या कागदांसाठी ती पुष्कळदा पुरेशी असते.

प्रत घेताना

काच मऊ, कोरड्या कापडाने पुसावी. द्रव काचेवर थेट ओतू नये. कागद कृष्णधवल दिसला तरी प्रत रंगीत घ्यावी, म्हणजे शिक्का, लाल शाई व तिकीट स्पष्ट राहतात. दोन्ही बाजूंनी लिहिलेल्या पातळ कागदामागे काळा कागद ठेवल्यास पाठची शाई उमटत नाही. वर्तमानपत्रातील कात्रणांवर जाळीसारखे पट्टे दिसल्यास डीस्क्रीन हा पर्याय वापरावा. फोटो टिफ स्वरूपात ठेवावेत, कारण जेपेग दर वेळी बदल करून साठविताना थोडा तपशील गमावते. कागदपत्रांसाठी पीडीएफ सोयीचे. छापील देवनागरी मजकूर शोधण्याजोगा करावयाचा असल्यास टेसरॅक्ट हे विनामूल्य सॉफ्टवेअर मराठीही वाचते. तयार फाइलींच्या तीन प्रती असाव्यात व त्यांपैकी एक दुसऱ्या गावी, नातेवाइकाकडे किंवा इंटरनेटवरील सुरक्षित साठ्यात असावी. एकाच घरातील तीन प्रती एकाच पुरात जातात.

प्रत म्हणजे मूळ नव्हे

प्रत काढली म्हणून मूळ कागद टाकून देऊ नये, तसेच त्याला प्लास्टिकचे लॅमिनेशनही करू नये. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही मूळ दस्तऐवज हाच प्राथमिक पुरावा आहे. तथापि मूळ नष्ट झाल्यास प्रतीचा फार मोठा उपयोग होतो. नोंदणीकृत खरेदीखताच्या प्रतीवर दस्त क्रमांक, वर्ष व दुय्यम निबंधक कार्यालय वाचता येते आणि त्याआधारे प्रमाणित नकलेसाठी अर्ज करता येतो. क्रमांक ठाऊक नसलेल्या माणसाला तोच शोध कित्येक वर्षांच्या सूचीतून घ्यावा लागतो.

सामूहिक प्रयत्न

प्रत्येक घराने यंत्र विकत घेतलेच पाहिजे असे नाही. शाळा, ग्रामपंचायत किंवा सार्वजनिक वाचनालय यांनी सीसीडी जातीचे एक चांगले यंत्र घेऊन आठवड्यातून एक दिवस गावकऱ्यांसाठी राखून ठेवल्यास संपूर्ण गावाची गरज भागू शकेल. मात्र प्रती संबंधित कुटुंबाच्या पेन ड्राइव्हवर दिल्यानंतर त्या सार्वजनिक संगणकावरून पुसून टाकण्याचा नियम काटेकोरपणे पाळला पाहिजे.

या कामी शिक्षकांना आणखी एक गोष्ट करता येईल. फोटोच्या दर्शनी बाजूबरोबर पाठीमागचा मजकूरही टिपावा आणि विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसून प्रत्येक चेहऱ्याचे नाव, गाव व अदमासे वर्ष लिहून घ्यावे. उत्तम यंत्राने घेतलेल्या उत्तम प्रतीतही जर माणसे अनोळखी राहिली, तर जतन अपुरेच म्हणावे लागेल. यंत्र पुढल्या वर्षीही विकत घेता येईल. ती नावे सांगणारी आजी पुढल्या वर्षी असेलच असे नाही. म्हणून यंत्राची वाट न पाहता या कामाचा प्रारंभ आजच, वही-पेन्सिलीने करणे इष्ट होय.